सोयरे बाबूजी आणि बिननाकाची बेगम

सोयरे बाबूजी कुणाच्याही घरात शिरले की आधी हातातलं घड्याळ काढून सदऱ्याच्या खिशात टाकत आणि मग चपला काढत. पाणी पुढे येईपर्यंत त्यांचं मनगट मोकळं झालेलं असे. नव्या माणसाला वाटायचं, घाम आला असेल. आम्हाला ठाऊक होतं की बाबूजींनी घड्याळ काढलं म्हणजे या घरात आता सोयरिकीची गोष्ट निघणार. “घड्याळ पाह्यलं का सोयरीक बिघडते,” असं ते म्हणायचे. “समोरच्याले वाटते, याले आपल्या पोरीपेक्षा बस मोठी.” बैठक संपली की घड्याळ पुन्हा मनगटावर चढे. ते चढलं की त्या घरी आज यापुढे काही व्हायचं नाही, असं समजायचं.

त्यांचं खरं आडनाव सोयरे नव्हतं. नोकरी शाळेत पीटीच्या मास्तराची होती, आणि म्हातारपणीही ते कवायतीला उभे राहिल्यासारखे ताठ चालत. पण खरा व्यवसाय, तोही फुकटाचा, लग्नं जुळवण्याचा. इकडे कटंगी, लामता, मलाजखंड आणि तिकडे सीमेपलीकडे तुमसर, गोंदिया, भंडारा, एवढ्या मुलखात कुणाच्या घरी उपवर मुलगी आहे आणि कुणाचा मुलगा नोकरीला लागला, हे त्यांना त्या घरातल्या चुलत्यांच्या आधी कळे. मोबदला म्हणून ते लग्नातला एक दुपट्टा आणि नारळ तेवढा घेत. आमच्या वॉर्डातली निम्मी भांडणं त्यांनी जुळवलेल्या जोडप्यांची होती आणि ती मिटवायलाही त्यांनाच बोलावत.

कुणाही अनोळखी माणसाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “मूळ कोठचं?” आमच्याकडे या प्रश्नाला अर्थ आहे. आमची घरं मध्य प्रदेशात, बालाघाटला, आणि मुळं विदर्भात. कचेरीत आम्ही हिंदी बोलतो, घरी मराठी, आणि भांडताना दोन्ही. बाबूजींना एकदा मूळ गाव कळलं की दोन वाक्यांत ते त्या माणसाला आपल्या कुठल्यातरी साळ्याचा मेव्हणा ठरवून मोकळे होत.

अशा या माणसाच्या कीर्तीवर एकच डाग होता, आणि तो डाग म्हणजे मी.

मी एका सरकारी कचेरीत बाबू आहे. नोकरी लागली तेव्हा माझ्या डोक्यावर दाट केस होते आणि डोक्यात त्याहून दाट हवा होती. बाबूजींनी माझ्यासाठी लामत्याची एक मुलगी पाहिली. शिकलेली, हसरी, घर चांगलं. पोहे खाऊन बाहेर आल्यावर मी त्यांना म्हणालो, “सगळं ठीक आहे बाबूजी, पण नाक जरा बसकं वाटलं.” बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं, खिशातून घड्याळ काढलं आणि मनगटावर बांधलं. पुढे दुसऱ्या एका मुलीची उंची मला खटकली, तिसरीचा आवाज. मग हळूहळू उलट्या बाजूने निरोप यायला लागले. मुलगा चांगला आहे, पण केस फार गेलेत. मुलगा चांगला आहे, पण वय जरा पुढे गेलंय. प्रत्येक निरोपात मी चांगलाच होतो, त्याचा उपयोग मात्र होत नव्हता.

बाबूजींनी हार मानली नाही. दर दिवाळीला घरी येऊन आईला सांगायचे, “वहिनी, याच्या लग्नाचा दुपट्टा खांद्यावर घेतल्याबगर मी काई जात नाई.” मी हसायचो, आई हसायची नाही. मीही हसायचो ते वरवर. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की घर एवढं शांत व्हायचं की कूलरचा आवाज सोबतीसारखा वाटायचा, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

दरम्यान जमाना बदलला. मुलंमुली मोबाइलवर एकमेकांना शोधायला लागली. बाबूजींकडे पत्रिका यायची ती फक्त लग्नाची. “आता मले जेवाले बोलावतात, पाहाले नाई बोलावत,” असं ते एकदा म्हणाले आणि विषय बदलला. त्यांना दमही लागायला लागला होता. आमच्या दोन पायऱ्या चढून आले की आधी भिंतीला हात टेकून उभे राहत आणि मग घड्याळ काढत.

याच सुमारास मी नागपूरहून मांजर आणली.

पर्शियन. पांढरीशुभ्र, अंगभर लांब मऊ केस, शेपटी आखूड आणि झुपकेदार, पाय बुटके, कान इवलेसे आणि एकमेकांपासून लांब, डोळे तांब्याच्या नाण्यासारखे गोल. आणि चेहरा सपाट. या धंद्यातले लोक त्याला पंच फेस म्हणतात, म्हणजे समोरून ठोसा लागल्यासारखा. नाक दोन डोळ्यांच्या मधोमध, जवळजवळ नसल्यासारखंच. मी तिचं नाव बेगम ठेवलं. चपट्या चेहऱ्यामुळे तिच्या डोळ्यांतून सतत पाणी गळे. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, “हे रडून काहून राह्यली? हिले घरची याद येते का?” मी रोज कापसाने तिचे डोळे पुसायचो, रोज तिचे केस विंचरायचो. घरात कंगवा होताच, माझ्या डोक्यावर त्याचं काम उरलं नव्हतं. बेगमने त्याला पुन्हा कामाला लावलं.

बाबूजी तिला पाहायला आले. घड्याळ काढलं, बसले, बेगमला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “मूळ कोठचं?”

मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. मोबाइलवर वाचून मी पक्की तयारी केली होती. “मूळ इराणचं, बाबूजी. खोरासान म्हणून भाग आहे तिकडे. शेकडो वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांनी अशी लांब केसांची मांजरं युरोपात नेली. तिथल्या राजवाड्यांत ती वाढली.”

“मंग राजवाड्यातून बालाघाटले कोण्या रस्त्यानं आली?”

“नागपूरहून आणली मी.”

“हे तं गोंदियावरूनच आली मंग. आन हे नाक? इराणात सगळ्यायचं असंच आहे?”

इथे मला जरा अडखळायला झालं. कारण मीच वाचलं होतं की जुन्या पर्शियन मांजरांना चांगलं नाक होतं. पुढे हौशी लोकांनी प्रत्येक पिढीत जास्त चपट्या तोंडाची पिल्लं निवडून त्यांच्या जोड्या लावल्या आणि नाक आत आत जात राहिलं. आणि इराणचं म्हणाल तर तिथल्या मांजरांशी हिचं नातं खरंच किती, यावरही जाणकारांचं एकमत नव्हतं. मी हे सगळं प्रामाणिकपणे सांगितलं.

बाबूजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग आईकडे वळून म्हणाले, “वहिनी, पोरीचं नाक बसकं म्हणून यानं स्थळ सोडलं. आन आता पाह्य, पैसे देऊन आणली ते बिननाकाची.”

आई एवढी हसली की तिला ठसका लागला. मी बेगमचे डोळे पुसत राहिलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

वर्षभराने बेगम माजावर आली. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांचे शेजारी सांगतील. ती रात्रंदिवस असा गळा काढायची की समोरच्यांनी मला हिंदीत विचारलं, “भैया, घर में सब ठीक तो है?” एकदा दार उघडं राहिलं आणि ती पळाली. दुपारभर शोधलं तेव्हा मागच्या राईस मिलच्या पत्र्यावर सापडली. शेजारी मिलचा पट्ट्यापट्ट्यांचा बोका बसला होता, एक कान फाटलेला, नाक लांब आणि त्यावर ओरखडा. दोघं ऊन खात होती. निदान मी तरी तसंच समजलो. बेगम खानदानी होती, असल्या उनाड जनावराकडे ती ढुंकूनही पाहणार नाही, याची मला खात्री होती.

तिला तिच्या तोलामोलाचा जोडीदार हवा, असं मी ठरवलं. मोबाइलवर शोधलं, पण जवळपास कुणी मिळेना. शेवटी त्याच संध्याकाळी मी बाबूजींना अर्धवट थट्टेत म्हणालो, “बाबूजी, आमच्या बेगमसाठी एखादं स्थळ पाहता का?”

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. बऱ्याच दिवसांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते खुर्चीत सरळ होऊन बसले. “सांग. काय काय पाह्यजे?”

मी सांगत गेलो. तोंड चपटंच हवं, कान लहान आणि लांब लांब, डोळे तांबूस, शेपटी आखूड, अंगावरचे केस दाट, आणि वंशात भेसळ नको. बाबूजी मान डोलवत होते. “समजलं,” ते म्हणाले. “नोकरी लागली तवा तू असाच सांगत होता. फक्त तवा शेपटीचं बोलला नव्हता.”

दोनच दिवसांत स्थळ आलं. कटंगीच्या बाजारात भाजीवालीकडे चौकशी करता करता त्यांना कळलं होतं की तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या एका मॅडमकडे तसलाच बोका आहे, सुलतान नावाचा. बाबूजी एकटे जाऊन घर पाहून आले होते. आमच्यात मुलीकडच्यांनी मुलाच्या घरी जायची रीत नाही, पण मांजरांत मादीलाच बोक्याच्या घरी न्यावं लागतं. परक्या घरी बोका बुजतो. बाबूजींना हे पटलं. “मांजर असो का माणूस, पोरगीच सासरी जाते,” ते म्हणाले आणि त्यांनी प्रवासासाठी धुतलेला सदरा घातला.

आम्ही बसने कटंगीला गेलो. बाबूजी खिडकीशी, मी शेजारी, मांडीवर टोपलीत बेगम, आणि सगळी बस आमच्याकडे पाहतेय. मॅडमचं घर छोटं, अंगणात तुळस आणि सायकल. वडील वारल्यावर त्या एकट्याच राहत होत्या. बाबूजींनी दारातच घड्याळ काढून खिशात टाकलं. मॅडमनी आधी त्यांना पाणी दिलं, त्यांना दम लागलेला पाहून न सांगता पंखा त्यांच्याकडे वळवला आणि पाठीशी उशी दिली. हे सगळं मला आज आठवतं. त्या वेळी माझं लक्ष सुलतानकडे होतं.

सुलतान खरोखर देखणा होता. बदामी रंग, मानेभोवती सिंहासारखी आयाळ, चेहरा बशीसारखा सपाट. मी त्याचे कान पाहिले, डोळे पाहिले, शेपटी पाहिली. मग मी मॅडमना पर्शियन मांजराचा समग्र इतिहास सांगितला, खोरासानपासून सुरुवात करून. त्या हसून ऐकत होत्या. मध्ये एकदा म्हणाल्या, “आप चाय तो लीजिए, ठंडी होऊन राह्यली.” मी चहा घेतला, घड्याळ पाहिलं, आणि व्यापारी युरोपात पोचण्याच्या सुमारास पुन्हा पाहिलं, कारण बालाघाटची शेवटची बस चुकायला नको होती. बाबूजींनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, त्यांना झोप आली.

ठरलं असं की बेगम काही दिवस तिथे राहील, आणि पिल्लं झाली की पहिलं पिल्लू मॅडमनी निवडायचं. या व्यवहाराची रीतच तशी आहे.

परतताना बसमध्ये बाबूजींनी विचारलं, “काय पाह्यलं?”

“फारच छान. नाक तर अगदी बेगमला शोभेल असं.”

“आन?”

“शेपटीही चांगली आहे.”

बाबूजी खिडकीबाहेरच्या धानाच्या बांध्यांकडे वळले. “बाबू,” ते म्हणाले, “त्या घरात मांजरीबगर बी कोनी होतं.” मी म्हणालो, “हो, तुळस छान वाढली होती.” बाबूजींनी घड्याळ चढवलं.

बेगमचे फोटो मला रोज येत. मॅडमचा नंबर मी ‘सुलतान कटंगी’ या नावाने ठेवला होता, आणि एवढ्या गप्पांत त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. प्रत्येक फोनला त्या विचारत, “बाबूजींची तबियत कशी आहे? आन तुमची?” मी बेगमची तब्येत सांगायचो.

बेगम घरी आली, पोटुशी दिसायला लागली, आणि त्याच दिवसांत बाबूजी दवाखान्यात भरती झाले. मी भेटायला गेलो. नाकात नळी, आवाज बारीक, आणि मनगट मोकळं. माझं लक्ष तिकडे गेलं.

“कटंगीले फोन केलता का?” त्यांनी विचारलं.

“हौ, बाबूजी. बेगमला दिवस गेलेत.”

“ते नाई रे.” त्यांनी दम खाल्ला. “मॅडमनं मले इचारलं होतं, का पोरगा कसा आहे. मी म्हटलं, पोरगा लय चांगला आहे, बाई. फक्त नाकाच्या पुढं त्याले दिसत नाई.”

मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. 

“तिची ना नाई,” बाबूजी म्हणाले. “आता तू सांग. मी तिले काय सांगू?”

मला ‘हो’ म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, “तुम्ही आधी बरे व्हा, मग बघू.” बाबूजी नळीआडून हसले. एका हाताने त्यांनी उगाच दुसरं मनगट चाचपलं, आणि मग माझा हात धरून ठेवला.

ते बरे झाले नाहीत. मला फार रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. त्यांच्या शेवटच्या प्रवासाला सगळा मुलूख लोटला होता. खांदा द्यायला पुढे झालेल्यांपैकी बहुतेकांची लग्नं त्यांनीच जुळवलेली. बायकांच्या घोळक्यात लामत्याची तीही होती, नवऱ्याबरोबर आलेली. या सगळ्या जुळलेल्या माणसांत बिनलग्नाचा मी एकटाच होतो, आणि माझा खांदा उंचीला कमी पडत होता म्हणून मला मागे सरकावलं गेलं.

मी मॅडमना बातमी कळवली. त्यांनी फक्त ‘मला बाजारात कळलं’ एवढंच लिहिलं. बाबूजींनी माझं उत्तर त्यांना पोचवलं नव्हतं, कारण मी ते दिलंच नव्हतं, आणि आता ते पोचवायला कुणी उरलं नव्हतं. मी कितीदा तरी लिहायला बसलो आणि दर वेळी बेगमचा एक फोटो पाठवून मोकळा झालो.

मग पिल्लं झाली. दोन बदामी, गोल, सपाट तोंडाची, हुबेहूब सुलतान. आणि तिसरं पट्ट्यापट्ट्यांचं, सडपातळ, आखूड केसांचं, आणि त्याच्या तोंडावर असं सरळ लांब नाक की ते पाहून आई म्हणाली, “अगंबाई, हे तं मिलवालं आहे!” पत्र्यावरचं ते ऊन खाणं मला तेव्हा नीट उमगलं. मांजरांत एकाच वेताची पिल्लं दोन बापांची असू शकतात, हेही मी मग वाचलं. मॅडमना मी फोटो पाठवले ते दोघांचेच.

पिल्लं खायला लागल्यावर मॅडम एका रविवारी टोपली घेऊन आल्या. मी सकाळपासून ते तिसरं पिल्लू आतल्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. चहा होतो न होतो तोच ते दाराच्या फटीतून निसटून आलं आणि सरळ मॅडमच्या पदरावर चढलं.

“अरे, हा कोन?”

“हा... पाहुणा आहे.”

“पाहुना काहून?” आई आतून म्हणाली. “तिच्याच पोटचा आहे. याचा बाप मिलच्या पत्र्यावर राह्यते.”

मी मान खाली घातली. मॅडमनी त्या पिल्लाकडे पाहिलं, बेगमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “सुलतानले सांगू नका हं,” त्या म्हणाल्या. “मला हाच पाह्यजे.”

“नको नको,” मी म्हणालो. “पहिला मान तुमचा आहे, तुम्ही ते मोठं घ्या. याचं खानदान शुद्ध नाही.”

“बाबूजी काय विचारत होते, मूळ कोठचं? याचं मूळ तर पक्कं मालूम आहे, राईस मिलचं. त्या दोघांचं आपल्याले काय माहीत, इराणचे आहेत का कोठचे.” त्यांनी पिल्लू मांडीवर घेतलं. “ते दोघं तुमच्याकडंच राहू द्या. तुम्हालेच नाकाचा शौक आहे.”

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, फक्त ते मांजरांबद्दल नव्हतं. तोंड उघडलं आणि सवयीने माझी नजर मनगटाकडे गेली. “तुमची बस,” मी म्हणालो, “वेळ झाली असेल...”

मॅडमनी माझ्याकडे एकवार पाहिलं. मग त्यांनी डाव्या हातातलं घड्याळ सोडलं, पर्समध्ये टाकलं आणि पर्स बंद केली. “बसते थोडं,” त्या म्हणाल्या.

आईने ते पाहिलं आणि ती पोहे भिजवायला उठली. मीही माझं घड्याळ काढलं. धांदलीत ते कुठे ठेवलं कुणास ठाऊक, दुसऱ्या दिवशी बेगमच्या टोपलीत सापडलं. मग मी त्यांना त्यांचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, रंजना.

बाबूजींचा दुपट्टा लग्नात आम्ही त्यांच्या घरी नेऊन दिला. रंजनाबरोबर तो पट्ट्यापट्ट्यांचाही आता पुन्हा आमच्याचकडे आला आहे, सुलतानसकट, आणि दुपारभर मिलच्या पत्र्यावर बापाशेजारी बसतो. लोक मला मुद्दाम चिडवतात, की काय हो, शेवटी नाक पसंत पडलं का. रंजनाचं नाक कसं आहे, ते सांगायचं तर मला अजूनही आत जाऊन पाहून यावं लागेल.